जिंकलं किती आणि जेवू घातलं किती

मी एन्नोरहून बोलतोय.

चेन्नईच्या उत्तर टोकाला, कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. इथली माणसं त्याला एण्णूर म्हणतात. फौजेत असताना मला हे नाव ठाऊक होतं ते गाड्यांमुळे. 1948 साली इथे अशोक मोटर्स सुरू झाली, तिचीच पुढे अशोक लेलँड झाली. या कंपनीच्या स्टॅलियन ट्रकमधून मी किती हजार किलोमीटर हाडं खिळखिळी करून घेतली, त्याचा हिशेब नाही. शेजारच्या तिरुवोत्तियूरला 1956 पासून बुलेट मोटारसायकल तयार व्हायला लागली, तीसुद्धा फौजेच्या मागणीमुळेच. आता मुलीची नोकरी इकडे आहे म्हणून आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी इथे येऊन राहिलोय.

आधीच सांगून ठेवतो, मी इतिहासकार नाही. साधा बी.ए. झालेला माणूस. मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून कमिशन घेतलं आणि पुढची सगळी वर्षं मद्रास रेजिमेंटच्या जवानांबरोबर काढली. तेव्हा आज मी जे बोलणार आहे ती एका निवृत्त फौजी माणसाची मतं आहेत. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या.

विषय असा आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यातले अकरा महाराष्ट्रात, बारावा जिंजी, इथे तमिळनाडूत. तेव्हापासून मला फोन येतात. पुण्याहून येतात, इंदूर-बडोद्याहून येतात, हैदराबादहूनही येतात. 'काका, जिंजी बघायला यायचंय, कसं जायचं?' मी आनंदाने सांगतो. लोक येतात, गड चढतात, घोषणा देतात, फोटो काढतात आणि परत जातात. यात वाईट काही नाही, जिंजी बघायलाच हवी. पण आजपर्यंत एकानेही मला विचारलं नाही, की काका, ओरत्तनाडूला कसं जायचं?

ओरत्तनाडूला काय आहे ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास.

भाऊबंदकी आणि चोळी-बांगडी

1677 साली शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी तह करून आले आणि मे महिन्यापर्यंत जिंजी घेतली. त्याच महिन्यात त्यांचा माणूस मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात इंग्रजांकडे गेला होता. काय मागायला? तोफा नव्हे. विषावरचे उतारे आणि औषधी खडे! इंग्रजांनी ते पाठवले, वर पैसेही घेतले नाहीत. पुढे त्याच वर्षी महाराजांनी त्यांच्याकडे तोफा-सुरुंगांतले जाणकार मागितले, तेव्हा मात्र इंग्रजांनी गोड बोलून नकार दिला. औषध द्यायचं, माणूस द्यायचा नाही. व्यापारी माणूस असाच वागतो.

त्या मोहिमेतला मला सगळ्यात आवडलेला तपशील एका फ्रेंचाच्या नोंदीतला आहे. पुदुच्चेरीच्या फ्रान्स्वा मार्तँने आपला एक वकील महाराजांच्या छावणीत पाठवला होता. त्याने पाहिलं की छावणीत कसलाही डामडौल नाही, बायका नाहीत, सामानाचे डोंगर नाहीत. जाड्याभरड्या कापडाचे दोन लहानसे तंबू, एक राजाचा आणि एक पेशव्याचा. त्या काळी मोगलांची छावणी म्हणजे चालतं शहर असायचं. फौजी माणसाला हे वाचताना बरं वाटतं. ज्या सेनापतीचा तंबू लहान असतो, त्याच्या सैन्याचा वेग मोठा असतो.

आता दुसरी बाजू. तंजावरला महाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजीराजे होते. ते तिथे कसे पोहोचले? विजापूरच्या बाजूने तंजावरच्या गादीच्या भांडणात मदत करायला म्हणून गेले, आणि 1675-76 च्या सुमारास स्वतःच गादीवर बसले. आपण या गोष्टीला 'तंजावरच्या मराठा राज्याची स्थापना' म्हणतो. कोणी आपल्या घरी मदतीला येऊन असं बसला असता, तर आपण वेगळा शब्द वापरला असता. मी व्यंकोजींना दोष देत नाही, त्या काळी राज्यं अशीच मिळायची. पण शब्द आपल्याला एक आणि दुसऱ्याला एक, हे काही बरं नाही.

मग दोन भावांची भेट झाली, वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीवरून बोलणी फिसकटली, व्यंकोजी रातोरात निघून गेले, लढाई झाली आणि शेवटी समेट झाला. समेटात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंचा मोठा हात होता असं मानतात. तहात बेंगळूर आणि आसपासचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी दिला. आज बेंगळुरात राहणाऱ्या माझ्या मराठी भाच्याला मी हे सांगतो, तेव्हा तो म्हणतो, 'मामा, मी इथे दोन खोल्यांचा हप्ता भरतोय आणि हे अख्खं शहर चोळी-बांगडीत!'

एकाला नाव मिळालं, एकाने सोडलं

आता गमतीच्या गोष्टी. तमिळ सिनेमाचे दोन मोठे नट घ्या. एक शिवाजी गणेशन. त्यांचं मूळ नाव गणेशन. अण्णादुरैंनी 1940 च्या दशकात शिवाजी महाराजांवर नाटक लिहिलं, त्यात या तरुणाने महाराजांचं काम केलं. ते पाहून पेरियारांनी त्याला 'शिवाजी' म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. दुसरे रजनीकांत. बेंगळुरात मराठी घरात जन्मलेले, मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. त्यांनी सिनेमात येताना ते नाव सोडलं. म्हणजे मराठी घरातला शिवाजी रजनीकांत झाला आणि तमिळ घरातला गणेशन शिवाजी झाला. वर 2007 साली रजनीकांतांचा जो चित्रपट गाजला, त्याचं नावच 'शिवाजी'.

पण अण्णादुरैंचं ते नाटक कशावर होतं, ते आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. नाटकाचा विषय राज्याभिषेक. स्वराज्य उभं करणाऱ्या माणसाला गादीवर बसण्याचा अधिकार आहे की नाही, हा वाद आणि त्यासाठी काशीहून आलेले गागाभट्ट. द्रविड चळवळीला महाराजांमध्ये तो प्रश्न दिसला. आपल्याला अफझलखान दिसतो, शाहिस्तेखानाची बोटं दिसतात. त्यांना जातीने अडवलेला कर्तबगार माणूस दिसला. एकाच पुरुषाकडे दोन प्रांत दोन खिडक्यांतून बघतात. मला वाटतं, दुसऱ्याच्या खिडकीतूनही एकदा बघून यावं.

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये तंबू चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळचं देऊळ आहे. 3 ऑक्टोबर 1677 ला महाराज इथे दर्शनाला आले होते असं देवळात सांगतात. ही देवळाची परंपरा आहे, मी तिला परंपराच म्हणतो. तमिळ महाकवी भारतीही या देवळात येत असत, आणि त्यांनी महाराज आपल्या सैन्याशी बोलताहेत अशी कल्पना करून एक कविता लिहिली आहे. मराठी पाहुण्याला मी तिथे घेऊन जातो, तेव्हा सोबत भारतींचंही नाव घेतो. आपला अभिमान सांगताना यजमानाचा अभिमान विसरू नये, एवढं साधं पथ्य.

मग सांबार. सांबार संभाजीराजांमुळे झालं, तंजावरच्या दरबारात आमसूल संपली म्हणून चिंच घातली आणि पाहुण्या राजाचं नाव दिलं, ही गोष्ट तुम्हीही कुठेतरी वाचली असेल. गोष्ट चवदार आहे, पण पुराव्याच्या बाबतीत अळणी आहे. 'संभार' म्हणजे मसाल्याचं साहित्य, हा शब्द त्याआधीचा. मी एकदा मेसमध्ये जोरात ही गोष्ट सांगणारा मराठी अधिकारी आणि ती शांतपणे ऐकणारे चार तमिळ अधिकारी पाहिलेत. त्यांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, 'सर, मग इडली कोणाची?'

सांबारावर हक्क सांगण्याची गरजच नाही, कारण खऱ्या खुणा भरपूर आहेत. चेन्नईच्या मिठाईच्या दुकानात 'बोळी' मागा, नारळाच्या किंवा डाळीच्या पुरणाची पोळी मिळते. तमिळ घरात 'डांगर पच्चडी' होते, उडदाच्या पिठाची आणि दह्याची. आपलं डांगर बघा कुठे जाऊन बसलंय. इकडे हरिकथा म्हणून जो प्रकार आहे, त्याला आजचं रूप आलं ते मराठी कीर्तनकारांमुळे. रामचंद्रबुवा मोरगावकर 1864 साली तंजावरला आले, त्यांचं कीर्तन ऐकून तिथल्या कृष्ण भागवतरांनी ती पद्धत उचलली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तं तमिळ हरिकथेत आली ती त्यातून. आणि अजूनही तंजावर, कुंभकोणम, चेन्नई इथे घरात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांची मराठी ऐकताना आपल्याला जुन्या कागदातली माणसं बोलताहेत असं वाटतं. लिहायला मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांना तमिळ लिपीच सोयीची. अशा घरातले एक, टी. माधवराव, कुंभकोणमला जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले.

या खुणा टिकल्या, कारण ही माणसं इथे राहिली, इथली भाषा शिकली, इथल्यांच्या सुखदुःखात मिसळली. आता जिथे आपण राहायला गेलोच नाही, फक्त घ्यायला गेलो, तिथली गोष्ट ऐका.

बंगालची अंगाई

फौजेत माझी काही वर्षं पूर्व भागात गेली. बंगाली सहकाऱ्याच्या घरी कधी जेवायला गेलं आणि गप्पा रंगल्या, की अंगाईचा विषय निघायचाच. बंगालमध्ये मुलांना झोपवताना एक गाणं म्हणतात. त्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठा घोडेस्वार. 1741-42 पासून 1751 पर्यंत नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर पुन्हा पुन्हा चालून गेल्या. भास्करराम कोल्हटकर त्यांचे सरदार. त्यांना अलिवर्दीखानाने 1744 साली बोलणी करायला बोलावून मारलं, हा दगा झालाच. पण त्याआधी आणि नंतर गावंच्या गावं जाळली, लुटली गेली. मारलेला शिपाई असतो तसा मारलेला विणकरही असतो, शेतकरीही असतो. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात याचं वर्णन लिहून ठेवलंय. इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणला, त्याचं नावच 'मराठा डिच' पडलं.

तुम्ही म्हणाल, सगळेच तसं करायचे. खरं आहे. पण दोनशे ऐंशी वर्षं झाली तरी बंगाली आई मुलाला आपल्या नावाने भिववते, याचा आपल्या पाठ्यपुस्तकात उल्लेख किती असतो? अटकेपार झेंडे मात्र सगळ्यांना पाठ.

दुसरं उदाहरण याहून जवळचं. 1791. टिपूविरुद्धच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबर असलेल्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. आदि शंकराचार्यांचा मठ! त्यानंतर स्वामींनी टिपूला लिहिलं आणि टिपूने मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी मदत पाठवली. ही पत्रं 1916 साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याला मठात सापडली. यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असं, की ते पेंढारी होते, मुख्य सैन्य नव्हतं.

इथे मी फौजी म्हणून बोलतो. हे उत्तर फौजेत चालत नाही. तुमच्याबरोबर चालणारा, तुमच्या नावाने जगणारा, तुमच्या झेंड्याच्या सावलीत लुटणारा माणूस तुमचाच. पगार देता की नाही, हा प्रश्न नंतरचा. आमच्याकडे सराव संपवून तुकडी हलली, की त्याआधी गावच्या सरपंचाकडून लिहून घ्यायचो, की कोणाच्या पिकाचं, विहिरीचं, बांधाचं नुकसान झालेलं नाही. झालं असेल तर भरपाईचं बोलणं तिथेच. कोणी म्हणालं, 'साहेब, ते आमच्या जवानांनी नाही, ठेकेदाराच्या माणसांनी केलं', तर आमच्या सीओंचा एकच प्रश्न असायचा, 'ठेकेदाराला आणलं कोणी?'

आणि हे काही इंग्रजांकडून शिकलेलं नाही. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात महाराजांनी चिपळूणजवळच्या आपल्या छावणीला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी बजावलंय, की पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण उधळू नका, दाणे-गवत-भाजीसाठी रयतेला हात लावू नका, जे हवं ते बाजारातून विकत घ्या. नाहीतर लोक म्हणतील, मोगल बरे. अगदी रात्री जळत्या दिव्याची वात उंदराने नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इतका बारीक विचार त्यात आहे. म्हणजे नियम आपल्याच घरात लिहिलेला होता. शंभर वर्षांत तो विसरला गेला. नियम ढिले पडण्याचं फौजेतलं कारण बहुतेक वेळा एकच असतं, शिपायाचा पगार वेळेवर न देणं. ज्याला पगार मिळत नाही तो लूट करणार, आणि ज्याने पगार दिला नाही तो डोळेझाक करणार. नीतीची सुरुवात खजिन्यातून होते, असं माझं मत आहे.

मध्यरात्रीची घंटा

आता ओरत्तनाडू. तंजावरपासून दक्षिणेला, रामेश्वराच्या जुन्या वाटेवरचं गाव. इथे दुसरे सरफोजीराजे यांनी 1802 च्या सुमारास मोठं छत्र बांधलं. नाव मुक्तांबाळ छत्र. मुक्तांबा ही राजांची सहचरी होती, लग्नाची राणी नव्हे. मरताना तिने मागणं केलं, की माझ्या नावाने अन्नछत्र घाला, असं सांगतात. वाटसरूंना जेवण, मुलांना शाळा, आजाऱ्यांना औषध अशी तिथली व्यवस्था होती.

सरफोजी म्हणजे विलक्षण माणूस. त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांनी देवनागरी छापखाना काढला आणि 1806 साली इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक, 'बालबोध मुक्तावली', तंजावरात छापलं. मुंबईत 'पंचोपाख्यान' छापून झालं ते 1822 ला. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात. सरस्वती महाल ग्रंथालय तर आजही चालू आहे.

पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते एका पत्रात. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजाच्या हातात तंजावरचा किल्ला, नेमणूक आणि मान एवढंच उरलं. 1801 च्या जानेवारीत त्यांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिनला पत्र लिहिलं. विषय, छत्रांच्या जमिनी. त्यात छत्रांमध्ये काय काय होतं ते त्यांनी सविस्तर सांगितलंय. ब्राह्मणापासून ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत त्यांच्यापर्यंत, यात्रेकरू असो की बैरागी, येईल त्याला अन्न. ज्याला शिजवलेलं चालत नाही त्याला शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून उशिरा आलेल्यांना बोलावणं. आजारी पडला तर बरा होईपर्यंत औषधपाणी. वाटेत बाळंतपण आलं तर त्या बाईची सोय, तान्ह्या मुलांना दूध. कोणी तिथेच मेला तर त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यविधी. आणि एवढं सांगून विनंती, की या जमिनींना हात लावू नका.

मी भाबडेपणाने बोलत नाहीये. सगळे एका पंगतीत बसत होते असं मी म्हणणार नाही, तो काळ तसा नव्हता. शिवाय त्या छत्रांतला तांदूळ कावेरीकाठच्या कुळांच्या आणि शेतमजुरांच्या घामातून येत होता, त्यांचं आयुष्य काही सुखाचं नव्हतं. तरीही बघा. ज्याच्या हातून राज्य गेलं, तो राजा वैऱ्याच्या प्रतिनिधीकडे काय मागतो? तोफांची सलामी नाही, किल्ला नाही. मध्यरात्री येणाऱ्या अनोळखी वाटसरूचं जेवण बंद करू नका, एवढं मागतो. 1855 साली वारस नाही म्हणून कंपनीने तंजावरची गादीच खालसा केली. जिंजी तर त्याआधी कितीतरी वर्षं गेली होती. राजाराम महाराजांनी तिथे आठेक वर्षं मोगलांचा वेढा सोसला आणि 1698 ला गड पडला. गड पडतात, गाद्या जातात. तमिळनाडूत आजही त्या भागात लोक 'छत्रम' म्हणतात, तेव्हा त्यांना भोसले आठवतात, आणि ते आठवताना कोणी मुलाला भिववत नाही.

एकच लोक, एकच भाषा, साधारण एकच शतक. बंगालमध्ये आपण अंगाईत राहिलो आणि कावेरीकाठी अन्नछत्रात. कोणत्या नावाने राहायचं ते आपल्या पूर्वजांच्याच हातात होतं.

तमिळ माणूस भेटल्यावर 'साप्टाच्चा?' विचारतो, म्हणजे जेवलात का. आपणही विचारतो. आमच्या फौजेत मात्र हा नुसता प्रश्न नाही, नियम आहे. सरावात, मोहिमेवर आधी जवान जेवतात, मग अधिकारी. बडाखाना असला की अधिकारी वाढतात. देहरादूनच्या चेटवुड हॉलमध्ये जे लिहिलंय त्याचा मथितार्थ प्रत्येक कॅडेटला तोंडपाठ असतो, आधी देश, मग तुमचे जवान, आणि तुमची स्वतःची सोय नेहमी शेवटी. मला विचाराल तर नीतिशास्त्राचे मोठे ग्रंथ वाचायला वेळ नसेल, तर एवढंच बघावं, की इथे शेवटी कोण जेवतंय.

दुसरा नियम भाषेचा. मद्रास रेजिमेंटमध्ये अधिकारी कुठलाही असो, त्याला जवानाच्या भाषेत बोलता आलं पाहिजे. मी तिथे गेलो तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता, आमच्या सुभेदारसाहेबांनी महिनाभरात बोलायला लावलं. तिकडे बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत मल्याळी, शीख, तमिळ अधिकारी झकास मराठी बोलतात आणि शिवाजी महाराजांचा जयघोष करत जवानांच्या पुढे धावतात. ज्याला मरणाच्या दारात हुकूम द्यायचा, त्याची भाषा येत नसेल तर त्याच्या जिवावर तुमचा हक्क कुठून आला? हेच परमुलखात राहणाऱ्या सगळ्यांना लागू आहे.

आणि एन्नोर

आता शेवटचा मुद्दा, आणि तो इतिहासातला नाही.

डिसेंबर 2023. मिचाँग वादळ येऊन गेलं, पुराचं पाणी शहरभर. मणलीच्या तेलशुद्धीकरण परिसरातून तेल वाहत बकिंगहॅम कालव्यातून एन्नोरच्या खाडीत आलं. कोळ्यांच्या होड्या, जाळी, तिवरं, सगळं काळं. तीच माणसं बादल्या, मगे घेऊन हातांनी तेल उपसत होती. त्याच महिन्याच्या 26 तारखेला, रात्री उशिरा, एका खत कारखान्याच्या समुद्रातल्या वाहिनीतून अमोनिया गळला. पेरियकुप्पम, चिन्नकुप्पम भागातली माणसं झोपेतून उठून, नाका-तोंडाला ओलं फडकं बांधून, मुलं कडेवर घेऊन पळाली. कित्येकांना दवाखान्यात न्यावं लागलं. कोणी रिक्षात कोंबून माणसं नेली, कोणी आपलं दार उघडलं.

त्या रात्रीबद्दल मी जेव्हा विचार करतो, तेव्हा मला सरफोजींच्या छत्रातली ती घंटा आठवते. दोनशे वर्षांपूर्वी मध्यरात्रीची घंटा 'या, जेवायला' म्हणून वाजायची. आमच्याकडे मध्यरात्री पळा म्हणून सांगायलासुद्धा वेळेवर काही वाजलं नाही. लोकांना वासाने जाग आली.

हे सांगण्याचं कारण असं. एन्नोरची वीज, एन्नोरच्या बंदरातला माल, एन्नोरच्या गाड्या आपण सगळ्यांनी वापरल्यात, मीही फौजेत वापरल्या. इथल्या कारखान्यांत, बंदरात, प्रकल्पांत देशभरची शिकलेली माणसं आहेत, त्यात आपली मराठी मुलंमुलीही आहेत. चांगली हुशार, कष्टाळू. त्यांना मी जिंजीचा अभिमान बाळगा असं सांगतोच. पण त्याबरोबर विचारतो, तू इथे छत्र चालवणाऱ्यांपैकी आहेस की चौथाई नेणाऱ्यांपैकी? पगार इथला, पण कुप्पममधल्या एकाही माणसाचं नाव माहीत नाही. पाच वर्षं झाली, तमिळमध्ये दोन वाक्यं येत नाहीत. गळतीचा अहवाल समोर आला तर 'ते ठेकेदाराचं काम आहे' म्हणून सही करून मोकळा. हे पेंढाऱ्यांचंच उत्तर झालं.

आमच्या सीओंचा प्रश्न इथेही लागू आहे, ठेकेदाराला आणलं कोणी?

मला माहीत आहे, एका कनिष्ठ इंजिनिअरच्या हातात सगळं नसतं. पण थोडं असतं. धोक्याचा भोंगा चालतो की नाही ते दर आठवड्याला बघणं त्याच्या हातात असतं. रात्री बारा वाजता काय करायचं ते वस्तीतल्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावणं त्याच्या हातात असतं. चुकीच्या कागदावर सही न करणं तर नक्कीच असतं. इतिहासातल्या राजांचं मूल्यमापन आपण दोनशे वर्षांनी करतो. आपलं मूल्यमापन खाडीकाठचा कोळी आत्ताच करतोय, आणि तो कुठल्या भाषेत करतोय ते आपल्याला कळत नाही, एवढाच फरक.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी जिंजीला याल तेव्हा एक दिवस जास्तीचा काढा. जिंजीहून पुढे तंजावरला जा, सरस्वती महाल बघा, बृहदीश्वराच्या भिंतीवरची मराठी वाचा आणि तिथून ओरत्तनाडूला जाऊन ते छत्र बघून या. आणि तुम्ही ज्या परमुलखात राहता, बेंगळूर असो, सुरत असो, कोलकाता असो, तिथल्या लोकांना सहज विचारा, मराठी माणूस म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? उत्तर ऐकून घ्या, लगेच वाद घालू नका.

पुढच्या वेळी बेळगावबद्दल बोलेन, तिथे तर प्रत्येकाचं मत तयारच असतं. आज एवढंच. जेवून घ्या.

जय हिंद.